दुपारचा खाऊ मुलांच्या हातचा: विस्तवाआधी काय शिकवावे?

फोंड्याजवळच्या एका आईने विचारले आहे. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. शाळा दुपारी सुटते आणि आईबाबा कामावरून घरी पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजतात. घरी आजी असते, पण तिचे गुडघे दुखतात, तिला सारखे उठबस करणे जमत नाही. मुलांना आपल्या हाताने खाऊ करायची हौस आहे आणि आईला चिप्सची पाकिटे व झटपट नूडल्स बंद करायचे आहेत. काय शिकवावे, सुरी द्यावी की नाही, गॅसची भीती वाटते म्हणून सगळे मायक्रोवेव्हवरच शिकवले तर चालेल का, आणि चतुर्थीच्या नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) वेळी मुलांना जवळ घ्यावे की लांब ठेवावे, असे प्रश्न आहेत.

ताई, मी बरीच वर्षे शाळेत गृहविज्ञान शिकवले आणि आता मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचे स्वयंपाकवर्ग घेते. पालक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'मुलांना जमेल असा सोपा पदार्थ कोणता?' मी पदार्थ निवडते तो त्यातल्या सगळ्यात धोक्याच्या पायरीवरून. नाचणीचे तिझान (दाट खिरीसारखा पदार्थ) घ्या. साहित्य चार वस्तूंचे, कृती ढवळण्याची, म्हणून आई ते आनंदाने मुलाकडे सोपवते. पण दाट झालेले तिझान रटरटायला लागले की त्याचे थेंब उडतात आणि हाताला चिकटून बसतात. पाणी निदान ओघळून जाते. चिकटलेला दाट पदार्थ जागेवरच भाजत राहतो. गुळाच्या पाकाचे तर विचारूच नका. चिक्कीचा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो आणि तोही चिकटतो. म्हणून दिसायला साधी शेंगदाण्याची चिक्की माझ्या वर्गात अगदी शेवटी येते, तीही फक्त मोठ्या मुलांसाठी. याउलट कांदा-खोबरे-लिंबू घालून कालवलेले पोहे चवीला भरपूर, मेहनतीला भरपूर, आणि त्यात सगळ्यात धोक्याची पायरी म्हणजे कांदा चिरणे. ती पायरी मोठ्यांनी सकाळी उरकून ठेवली की उरलेले सगळे सात वर्षांचे मूल एकटे करू शकते.

तुमच्या घरापुरता पहिला नियम सांगते, त्यात तडजोड नको. तुम्ही दोघे बाहेर असता तेव्हा मुलांच्या खाऊत विस्तव नाही. दहा वर्षांची मुलगी शनिवार-रविवारी तुमच्या शेजारी उभी राहून गॅसवर उत्तम काम करील, पण आजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली असताना ते देखरेखीत धरता येत नाही. काही पेटले, सांडले, तर पाच सेकंदांत हात पोचेल एवढ्या अंतरावर मोठे माणूस हवे. निघताना रेग्युलेटर बंद करा. आजीला चहा लागला तर ती स्वतः उठून सुरू करील आणि स्वतः बंद करील. हे काम नातवंडांवर टाकायचे नाही, हे तिलाही प्रेमाने आणि स्पष्ट सांगा. तिला पहारेकरी करू नका. चव सांगायचे, प्रमाण सांगायचे, 'आमच्याकडे फोव (पोहे) असे कालवत' हे दाखवायचे काम तिचे. बसल्या जागेवरून ती हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले करील.

आता विस्तवाशिवायचा खाऊ. आपल्या गोव्यात याची कमतरता नाही, कारण नरकचतुर्दशीला घरोघरी पाच-सहा प्रकारचे फोव होतात आणि त्यातले निम्मे कालवूनच होतात. गुळाचे कालवलेले फोव हा मी पहिला धडा ठेवते. दोन वाट्या पातळ पोहे, एक वाटी ओले खोबरे, दोन मोठे चमचे किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, वेलचीपूड. गूळ आणि खोबरे आधी बोटांनी चुरत राहायचे. मुले इथे घाई करतात, त्यांना थांबवा. चुरता चुरता खोबऱ्याचा ओलावा सुटतो, गूळ विरघळतो, मिश्रण ओलसर चकाकते, आणि मग पोहे घातले की ते पाण्याचा थेंब न लागता मऊ होतात. हे पहिल्यांदा घडताना पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायला मागते. वरून साल्दाती किंवा रसबाळी केळ्याच्या चकत्या घातल्या तर गूळ आणखी कमी करता येतो. मऊ पिकलेले केळे जेवणाच्या बोथट सुरीनेही चिरते, म्हणून सात वर्षांच्या मुलाच्या हाती पहिले चिरकाम मी तेच देते.

तिखट हवे असेल तर ताकातले फोव. जाड पोहे धुऊन निथळायचे, ताक, मीठ, किसलेले आले, कोथिंबीर. फोडणी तुम्ही सकाळी करून छोट्या वाटीत झाकून ठेवा, मुले ती वरून घालतील. यात हिरवी मिरची मात्र मुलांनी चिरायची नाही. तिखट हात डोळ्याला लागणे हा स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त रडवणारा प्रकार आहे. नुसत्या पाण्याने तिखटपणा जात नाही. आधी हाताला तेल चोळायचे, मग साबणाने धुवायचे. डोळ्यात गेलेच तर भरपूर स्वच्छ पाणी, चोळणे बंद.

पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोय, म्हणजे गोल पाव, हा दुसरा आधार. ती आतून पोकळ असते, त्यामुळे सुरी न लावता हाताने एका कडेला उघडली की खिसा तयार. त्यात किसलेले गाजर, किसून पिळलेले तवसे (मोठी काकडी), सकाळी उकडून सोललेले अंडे किंवा पनीर, खोबऱ्याची चटणी. मुलगी किसेल, मुलगा भरेल. किसणीबद्दल एकच सूचना: गाजराचा शेवटचा बोटभर तुकडा किसायचा नाही, तो खाऊन टाकायचा. किसणीवर बोटे सोलतात ती तो तुकडा वाचवायच्या नादात. पोय घेताना ती मोडून आत पाहा. वर कोंडा भुरभुरलेला दिसला म्हणून आतले पीठ गव्हाचे असतेच असे नाही. काही ठिकाणी आत जवळजवळ सगळा मैदा असतो. आपल्या पोदेराला विचारायला लाजू नका.

कडधान्ये तर हवीतच. अळसांदे (चवळीचा एक प्रकार), चणे, वाटाणे रात्री भिजवून सकाळी तुम्ही कुकरला लावलेत, तर दुपारी मुले त्यात कांदा, खोबरे, लिंबू, चाट मसाला घालून वाडगाभर खाऊ करतात. वाढत्या वयाला प्रथिने आणि लोह लागते, आणि लिंबातले क जीवनसत्त्व ते लोह अंगी लागायला मदत करते, म्हणून लिंबू पिळणे हे शोभेपुरते समजू नका. मोड आलेले मूग कच्चे द्यायची पद्धत मला पसंत नाही. मोड येतात त्या उबदार ओलाव्यातच जंतूही वाढतात. सात-आठ मिनिटे वाफवून घ्या. कुरकुरीतपणा राहतो, पोटाचे दुखणे टळते.

इथे हवेचा विचार करा, कारण पुस्तकातले नियम थंड देशांत बसून लिहिलेले असतात. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा नियम आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी हा दुसरा नियमच लागू होतो. सकाळी सात वाजता उकडलेले अळसांदे दुपारी दोनपर्यंत ओट्यावर झाकून ठेवणे म्हणजे धोका. निवले की लगेच फ्रीजमध्ये. भाताचेही तसेच: तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तसाच बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, मग पुन्हा गरम करूनही उपयोग होत नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि नारळाचा रोस (दूध) तर फारच लवकर उतरतो. मुलांना वास घ्यायला शिकवा, पण वास आला नाही म्हणजे अन्न चांगले, असे मात्र शिकवू नका. घड्याळावर विश्वास ठेवा.

सुरीकडे येते. सात वर्षांच्या मुलाला मऊ वस्तूंसाठी बोथट सुरी, दहा वर्षांच्या मुलीला लहान आकाराची, चांगली धार असलेली खरी सुरी. बोथट सुरीने गाजर चिरायला लावले की मूल जोर लावते, सुरी घसरते आणि बोटात जाते. चिरायच्या फळीखाली ओले फडके पसरा, म्हणजे ती सरकत नाही. वस्तू धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवायची, नखे मागे, पेरे पुढे. सुरीचे पाते पेरांना टेकून खाली उतरते. गोल वस्तू आधी अर्धी कापून सपाट बाजू फळीवर ठेवायची. अर्धी कापायचे काम सुरुवातीला तुम्ही करा. वापरलेली सुरी सिंकमध्ये साबणाच्या पाण्यात टाकायची नाही, कारण पुढचा हात तिथे आंधळेपणाने जातो. आणि मुलांना ओट्यापाशी स्टुलावर उभे करण्यापेक्षा खाली पाटावर बसवून पुढे चौरंग किंवा दुसरा पाट ठेवून चिरायला द्या. पडायची भीतीच उरत नाही.

आदोळीबद्दल, म्हणजे विळीबद्दल, माझे मत ठाम आहे. तिचे पाते स्थिर असते आणि हात पात्याकडे जातो, सुरीच्या अगदी उलट. ज्या मुलाचे हात अजून नेम धरत नाहीत त्याला ती देऊ नये. अकरा-बारा वर्षांनंतर, मोठ्यांच्या समोर, आधी फक्त नारळ खवायला द्यावी: मांडी घट्ट, वाटी दोन्ही हातांनी धरलेली, काळी पाठ दिसायला लागली की थांबायचे. काम झाले की मोठ्यांनी पाते मिटून ती भिंतीशी लावायची. उघडी आदोळी जमिनीवर असताना घरात रांगते मूल किंवा धावती मुले असू नयेत. नारळ फोडणे तर मोठ्यांचेच काम. तोवर मुलांसाठी खवलेले खोबरे फ्रीझरमध्ये छोट्या डब्यांतून ठेवा.

आपल्या परसातल्या वस्तूंचे काही धोके आहेत, ते शहरी पुस्तकांत सापडत नाहीत. काजूच्या हंगामात मुले बिया गोळा करून अंगणात भाजायला बघतात. कच्च्या काजूच्या टरफलात दाहक तेल असते. ते कातडीला लागले की फोड येतात, भाजताना ते पेट घेऊन उडते आणि त्याच्या धुराने डोळे-घसा चरचरतो. काजू भाजणे मोठ्यांनी, उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून करावे; मुलांनी लांब थांबावे आणि कच्ची बी दाताने तर कधीच फोडू नये. बोंडे मात्र मुलांची. त्यांत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते. चकत्या करून मीठ चोळून थोडा वेळ ठेवल्या की तुरटपणा कमी होतो. पावसाळ्यात अळू किंवा तेरे आणले तर कच्ची पाने मुलांना चिरायला देऊ नका. त्यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी हात आणि घसा खाजतो; भरपूर शिजवणे आणि आमसूल, चिंच किंवा आंबाडे घालणे म्हणूनच आले. रानातली ओळमी (अळंबी) मुलांनी आपली आपण काढून आणायची नाहीत, ओळखीची वाटली तरी.

सोलांचे (कोकमांचे) सरबत मुलांना फार आवडते आणि त्याला विस्तव लागत नाही. मिठाची नसलेली सोलां तासभर पाण्यात भिजवायची, हाताने कुस्करायची, गाळायची, जिरेपूड, किंचित मीठ आणि थोडा गूळ. आंबट असल्यामुळे हे काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यातच करायचे. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ यांत ठेवायचे नाही.

गुळाबद्दल एक खुलासा. गूळ म्हणजे साखरच, फक्त कमी शुद्ध केलेली; ती मोजातून सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अशी वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक बरे. तुमच्या मुलाच्या वयाला दिवसाला साधारण १७०० किलोकॅलरी धरल्या तर १० टक्के म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २१ ग्रॅम. कोल्ड्रिंकच्या एका २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅमच्या वर साखर असते. वर सांगितलेल्या फोवांतला दोन मोठे चमचे गूळ तिघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १० ग्रॅम येतो. हे गणित मुलीला स्वतः करू द्या. पाकिटाच्या मागचा तक्ता वाचायला शिकलेली मुले दुकानात आपणहून पाकीट परत ठेवताना मी पाहिली आहेत. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, एवढे एक सूत्र त्यांना पुरते.

मायक्रोवेव्हचे उत्तर: नाही, सगळे त्यावर शिकवू नका. त्यात ज्योत दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. अख्खे अंडे त्यात फुटते, कधी बाहेर काढल्यावर हातात फुटते. सालीसकट बटाटा काट्याने टोचला नाही तर तोही फुटतो. गुळगुळीत कपातले पाणी उकळल्याची खूण न दाखवता उकळबिंदूच्या पुढे तापते आणि चमचा घालताच उसळून हातावर येते. झाकलेल्या वाडग्याचे झाकण काढताना वाफ थेट तोंडावर येते, आणि बऱ्याच घरांत मायक्रोवेव्ह फ्रीजवर ठेवलेला असतो, म्हणजे मूल गरम भांडे डोक्यावरून खाली उतरवते. तुमचा ओट्यावर असेल तर दहा वर्षांच्या मुलीला तुमच्यासमोर शिकवा: जाड हातमोजे, मिनिटभर थांबून झाकण काढणे, झाकणाची पलीकडची कड आधी उचलणे, म्हणजे वाफ अंगापासून दूर जाते. सात वर्षांच्या मुलाने त्याला हात लावायचा नाही. इलेक्ट्रिक किटलीलाही तोच नियम. तिची वायर ओट्याच्या कडेवरून लोंबकळत ठेवू नका. लहान मुलांना भाजण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण ज्योत नसते, गरम पाणी, चहा, दूध असते. ६० अंशांचे पाणीही काही सेकंदांत खोलवर भाजते, आणि मुलांची कातडी आपल्यापेक्षा पातळ.

गॅसचा धडा रविवारी घ्या, घाई नसताना. पहिल्या रविवारी काहीही पेटवायचे नाही, फक्त बंद करायला शिकायचे. बटण कुठल्या बाजूला फिरले की बंद, रेग्युलेटर कुठे, तो कसा फिरतो, हे मुलीने डोळे मिटून करून दाखवावे. पेटवायला शिकणे दुसऱ्या रविवारी. लायटर बर्नरपाशी आधी धरायचा, मग बटण उघडायचे, लगेच ठिणगी. दोन-तीन प्रयत्नांत पेटले नाही तर बटण बंद, थोडे थांबायचे, साठलेला गॅस जाऊ द्यायचा. केस बांधलेले, कपडे सुती, ओढणी नाही, बाह्या वर.

गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, तो मुलांना ओळखता यावा. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून दारेखिडक्या सताड उघडायच्या. रेग्युलेटर हाताशी असेल तर बंद करायचा. दिव्याचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही नाही. दोन्हींत ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅनलाही हात नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचे, आजीला हात धरून न्यायचे, आणि बाहेर गेल्यावर फोन. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लावा. नळी केशरी रंगाची सुरक्षा नळी आहे का, तिच्यावरची मुदत उलटली नाही ना, हेही आजच पाहा. ती पाच वर्षांनी बदलायची असते.

मुलीचा गॅसवरचा पहिला पदार्थ म्हणून मी पोळे सुचवीन. किसलेले तवसे, तांदळाचे पीठ, थोडा रवा, खोबरे, मीठ. पाण्याची गरज फारशी लागत नाही, तवशाचेच पाणी पुरते. मंद आचेवर, चमचाभर तेलात, झाकण ठेवून. इथे तेल थोडे, आच मंद, आणि उलटायला पुरेसा वेळ मिळतो. बिघडले तर तुकडे होतात, तेही खाता येतात. मोजायची एक खूण: तव्याची कड मुलीच्या कोपराच्या खाली यायला हवी. येत नसेल तर उंची वाढेपर्यंत थांबा, किंवा घरात इंडक्शन असेल तर ते खालच्या भक्कम टेबलावर ठेवून तिथे शिकवा. मात्र इंडक्शनची काचही भांड्याच्या उष्णतेने तापलेली राहते, हे तिला हात जवळ नेऊन जाणवू द्या. पातेल्यांचे दांडे नेहमी आतल्या बाजूला वळलेले असावेत. पोळे उलटताना कालथा आपल्यापासून पलीकडे वळवायचा.

फोडणी ही त्यानंतरची पायरी. ओला कढीपत्ता तेलात पडला की तेल उडते, कारण पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १७०० पट वाढते. पाने पुसून घ्यायची, झाकण डाव्या हातात तयार ठेवायचे. तेलातून धूर यायला लागला तर गॅस बंद. तेल पेटले तर पाणी कधीही ओतायचे नाही. झाकण सरकवून ठेवायचे, गॅस बंद करायचा आणि भांडे हलवायचे नाही. हे झाकण सरकवणे थंड कढईवर चार वेळा करून घ्या.

कुकर दोघांपैकी कोणालाही नको, अजून दोन-तीन वर्षे. मिक्सरचा प्लग काढल्याशिवाय पात्याला हात नाही आणि गरम वस्तू त्यात वाटायची नाही. पावसाळ्यात ओल्या हातांनी प्लगला स्पर्श करणे तर घरात सगळ्यांनीच बंद करावे.

हात साबणाने २० सेकंद, नखांसकट. कच्ची मासळी, कोंबडी यांना मुलांचे हात लागले तर पुन्हा धुवायचे, आणि त्या फळीवर पोय ठेवायची नाही. कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांनी जंतू सगळ्या ओट्यावर पसरतात. बांगड्याविषयी विशेष सांगते. बाजारातून आणलेला बांगडा बर्फाशिवाय तासन्‌तास राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होते, ते तळूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर अंगावर लाली, पित्त, डोकेदुखी येते. मुलांना बाजारात नेऊन ताजा मासा ओळखायला शिकवणे हाही स्वयंपाकाचाच धडा आहे.

शेजारची मुले खायला आली तर आधी विचारायला शिकवा: तुला शेंगदाणे, काजू, कोलंबी, अंडे, दूध यातले काही सोसत नाही का? चार-पाच वर्षांखालचे भावंड आले असेल तर अख्खे शेंगदाणे, काजू, भाजलेले चणे, अख्खी द्राक्षे देऊ नका. ती घशात अडकतात. द्राक्षे उभी चिरून, दाण्यांचे कूट करून द्यायचे. खाताना बसून खायचे, धावत नाही.

भाजले तर: वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे. घड्याळ लावून वीस. पहिल्या दोन मिनिटांत बरे वाटते म्हणून मुले हात काढतात, काढू देऊ नका. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी काढा. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, खोबरेल नाही, डोशाचे पीठ नाही. फोड फोडायचा नाही, स्वच्छ सुती कापडाने हलके झाकायचे. भाजलेली जागा मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग यांवर असेल तर डॉक्टरांकडे लगेच. सुरी लागली तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे दाबून धरायचे, मध्ये उघडून पाहायचे नाही. आजीलाही हे माहीत असू द्या, कारण तुम्ही नसताना निर्णय तिला घ्यायचा आहे. आणि मुलांना सांगून ठेवा की काहीही सांडले, फुटले, भाजले तर आधी सांगायचे, रागावणार कोणी नाही. बोलणी बसतील या भीतीने लपवलेला भाजलेला हात मी वर्गात पाहिलेला आहे, तोवर पाण्याखाली धरायची वेळ निघून गेलेली असते.

आता चतुर्थी. नेवऱ्यांच्या वेळी मुलांना जरूर घ्या. पीठ मळणे, लाट्या करणे, पुरण भरणे, कातण्याने कडा कापणे ही सगळी कामे त्यांची. तळण मात्र एका मोठ्या माणसाचे, आणि कढईभोवती तीन फुटांपर्यंत मुलांची बैठक नको. लाटायला दुसरी खोली घ्या. मुलांनी केलेल्या प्रत्येक नेवरीची कड मोठ्यांनी तपासायची, कारण कड सुटली की ओले पुरण तेलात जाते आणि तेल उसळते. शंका वाटली ती नेवरी तेलात न सोडता झाकण ठेवून तव्यावर मंद भाजा. तळून झाल्यावरही तेल तासाभराहून जास्त वेळ तापलेले राहते, म्हणून कढई ओट्याच्या मागच्या कडेला, झाकून. माझे मत विचाराल तर मुलांसाठी पातोळ्या अधिक चांगल्या: हळदीच्या पानावर तांदळाचे वाटण बोटांनी पसरवणे, मध्ये चून (गूळ-खोबऱ्याचे सारण) घालणे, पान दुमडणे, हे सगळे ती जमिनीवर बसून करतात. वाफवायला तुम्ही लावा, आणि गॅस बंद करून पाच मिनिटे गेल्यावरच झाकण उचला.